परके मासे बाहेर ठेवताना: हिंगण्याकडच्या तलावावरच्या कामाच्या नोंदी

आमचा तलाव नागपूरच्या हिंगण्याकडच्या कडेला आहे. भर पावसाळ्यात साधारण चार हेक्टर पाणी असतं, मे महिन्यात अर्ध्या हेक्टरचा डोह उरतो. ठेका आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे आणि मी संस्थेची सचिव आहे. जाळ्यात मरळ, शिंगी, वाम हे देशी मासे कमी होत गेले, तिलापिया आणि थाई मागूर हे परके वाढत गेले. यंदा उन्हाळ्यात डोह साफ करायचा आणि पावसाळ्यात परका मासा पुन्हा आत येऊ द्यायचा नाही, असं ठरवलं. दुसऱ्या कुठल्या तलावावर कोणी हे काम काढलं तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. खर्च, वाया गेलेला वेळ आणि जे टिकलं नाही ते, सगळं लिहीन.

१२ एप्रिल २०२५

पाणी उतरलं की आधी काठ बघून घ्यावा. पूर्वेकडच्या उथळ भागात चिखलात परातीएवढे गोल खड्डे दिसले, एकाला एक लागून. तिलापियाचे नर हे खड्डे करतात. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून तिलापिया तलावात येतो, असं आमच्याकडे सगळे सांगतात. मला ते पटत नाही. जे अंडं आईच्या तोंडात आहे ते बगळ्याच्या पायाला कसं लागेल? हा मासा पाण्यातून येतो, नाहीतर माणसाच्या हातून.

काठाने पूर्ण फेरी मारून येण्याच्या वाटा लिहून काढल्या. पहिली, वरून येणारा नाला. नाल्याच्या कडेला एक खासगी टाकं आहे, त्यात थाई मागूर पाळतात. त्याच्या खाली वीटभट्टीसाठी खोदलेली जुनी डबकी आहेत, त्यातली बहुतेक उन्हाळ्यातही आटत नाहीत. दुसरी वाट सांडव्याची. पावसाळ्यात सांडव्याचं पाणी ओढ्याने वेणा नदीकडे जातं आणि चढणीचा मासा त्याच वाटेने वर येतो. तिसरी वाट म्हणजे आम्ही दरवर्षी विकत आणतो त्या बीजाच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या, पिशव्या. चौथी वाट देवळाजवळच्या घाटाची. घरातली काचेची पेटी नकोशी झाली की लोक मासे तिथे आणून सोडतात. मागच्या वर्षी त्या घाटावर सकर मासा, पेटीची काच साफ करायला ठेवतात तो, जाळ्यात अडकला. त्याच्या अंगावर हाडांच्या ताटल्या आणि काटे असतात, त्यामुळे जाळं कापूनच काढावा लागला.

२० एप्रिल

संस्थेची बैठक. अर्ध्याहून जास्त सभासदांचा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. एक काकाजी म्हणाले, "बाई, तिलापियाले बीज लागत नाही, दाणा लागत नाही. आपोआप वाढते, बजारात खपते. मंग मारून काहून टाकता?"

उत्तर द्यायला मी मागच्या हंगामाची वही घेऊन गेले होते. तिलापिया दोन-तीन महिन्यांतच अंड्यावर येतो आणि वर्षातून पुन्हा पुन्हा पिल्लं काढतो. चार हेक्टरात इतकी गर्दी झाली की खाणं पुरत नाही आणि सगळा मासा तळहाताएवढाच राहतो. मागच्या वर्षी आम्ही विकलेल्या तिलापियात अर्धा किलोचा मासा शोधून सापडला नसता. त्याला किलोला सत्तर-ऐंशी रुपये मिळाले. जिवंत मरळाला चारशेच्या वर मिळतात आणि गिऱ्हाईक घरी येऊन मागतं. बीजाचं तर याहून वाईट. आपण पैसे मोजून सोडलेल्या रोहू-कटल्याची पिल्लं थाई मागूर खाऊन टाकतो, म्हणजे त्याला दाणा आपणच घालतो.

उजनीचा विषय निघाला. तिथे तिलापियाला चिलापी म्हणतात आणि कित्येक घरं तिच्यावर चालतात, हे खरं आहे. पण उजनीचं पाणी अफाट आहे. आमच्या चार हेक्टरांना ते गणित लागत नाही, असं माझं मत आहे आणि मी ते बैठकीत तसंच मांडलं.

एका आजींनी विचारलं, हा मासा आला कुठून. मोझांबिक तिलापिया १९५२ साली देशात मुद्दाम आणला गेला, गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून. हेतू चांगला होता. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी तलावात तो नव्हता.

ठराव झाला: एक वर्ष करून बघायचं. संस्थेच्या खात्यातून साठ हजारांपर्यंत खर्च, बाकी श्रमदान.

४ मे

डोहातून देशी मासा वेगळा काढायला सुरुवात केली. परका मासा मारायचं औषध टाकण्याआधी मरळ, शिंगी, वाम, देशी मागूर, बारीक खवल्याचा मासा, सगळं बाहेर काढून ठेवायचं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ताडपत्रीचं टाकं केलं, बांबू आणि जाड ताडपत्री मिळून ७,२०० रुपये लागले.

ओढ जाळ्याने सकाळी मासा निघाला भरपूर, पण दुपारपर्यंत टाक्यातलं पाणी इतकं तापलं की वाम आणि बारीक मासा मरायला लागला. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावरचं पाणी ठेवून चालत नाही. मरळ आणि शिंगी तगले, कारण ते पाण्यावर येऊन हवा घेतात. संध्याकाळी काम थांबवलं. टाकं चिंचेखाली हलवलं, वर हिरवी शेडनेट दुहेरी बांधली, पंप लावून पाणी फिरतं ठेवलं. यात जवळजवळ आठवडा गेला. आता जाळं रात्री ओढतो, पहाटेपर्यंत निवड पूर्ण करतो.

मागूर ओळखण्याबद्दल. थाई मागूरचं डोकं रुंद, चपटं आणि हाताला खरखरीत लागतं, अंगावर काळपट-पिवळे ढग असतात. देशी मागूर लहान राहतो, अंग एकसारख्या रंगाचं असतं. एक किलोच्या वरचा मागूर हातात आला तर तो देशी नाही, हे धरून चाला. लहानांत शंका राहिली तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना दाखवतो. पाच-सहा दशकं मासा निवडलेली नजर आहे ती, आणि आतापर्यंत तिच्या तोडीचं दुसरं साधन मला सापडलेलं नाही.

१५ मे

टोळीची ढेप टाकली. टोळी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल काढल्यावर जी ढेप उरते तिच्यात सॅपोनिन असतं. त्याने माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दोन-तीन आठवड्यांत विष संपतं आणि ढेपेचं खत होतं. मासा काढायला ती फार जुनी आणि भरवशाची गोष्ट आहे.

ब्लीचिंग पावडर स्वस्त पडली असती आणि लवकरही झालं असतं. पण ती गोगलगाय, किडे, झिंगे, सगळंच मारते. ढेपेचा त्रास माशाला जास्त आणि झिंग्यांना कमी होतो. झिंगे आम्हाला हवे आहेत, म्हणून ढेप.

हिशेब असा: एक हेक्टर पाणी एक मीटर खोल असेल तर दोन ते अडीच हजार किलो ढेप लागते. आमचा डोह अर्धा हेक्टर, सरासरी खोली साठ सेंटीमीटर. अडीच हजारांच्या दराने ७५० किलो. नाल्यातल्या डबक्यांसाठी आणखी १०० किलो. किलोला २६ रुपये, म्हणजे २२,१००, आणि टेम्पोचे २,४००. खोली काठीने मोजून सरासरी काढा, अंदाजाने धरू नका, कारण कमी पडली तर सगळी ढेप वाया जाते. तेलघाणीवरून ताजी ढेप आणा. गोदामात पडून बुरशी आलेली आम्हाला स्वस्तात मिळत होती, ती घेतली नाही.

ग्रामपंचायतीचा ठराव आणि मत्स्यव्यवसाय खात्याचं पत्र आधीच घेतलं होतं. नाला कोरडा आणि सांडव्यावरून थेंबही जात नसतानाच हे काम करायचं. गुराख्यांना घरोघर जाऊन सांगितलं, जनावरांसाठी पाण्याचे टँकर मागवले. त्याचा खर्च आमच्या अंदाजात धरलेला नव्हता, तो ४,००० आला.

ढेप रात्रभर भिजवली, सकाळी ऊन चढल्यावर नावेतून सगळीकडे फेकली, मग जाळं ओढून पाणी ढवळलं. काही तासांत तिलापिया तोंड वर काढून गोल फिरायला लागला. मागूर उशिरा आला, बराचसा रात्री. दुसऱ्या दिवशीही जाळं चालू ठेवलं, कारण गाळात दडलेला मागूर मागाहून वर येतो.

१९ मे

वीटभट्टीच्या डबक्यांपैकी एक पार आटलं होतं, म्हणून तिथे ढेप टाकली नव्हती. वरचा चिखल तडे जाऊन वाळला होता. एका पोराने सहज फावडं मारलं तर कोपरभर खाली ओल्या गाळात थाई मागूर जिवंत निघाले. हा मासा हवेत श्वास घेतो, ओल टिकली तर गाळात तग धरतो आणि पहिल्या पावसात नाल्याने चालू लागतो. डबकं आटलं म्हणजे संपलं, असं समजू नका. ते डबकं पूर्ण खणून काढलं, चुना टाकला. एवढ्याशा जागेला दोन दिवस आणि सहा माणसं लागली.

३ जून

डोहातलं विष संपलं का हे बघायला हापा, म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा, पाण्यात बांधला आणि त्यात थोडी खवल्याची बारीक मासोळी ठेवली. दोन दिवस सगळी टवटवीत राहिली. मग टाक्यातला देशी मासा परत सोडला. मरळ आणि शिंगी जवळजवळ सगळे जगले होते. वाम फार थोडे उरले, त्यांचं वाईट वाटतं. पुढच्या खेपेला वाम आधी काढून थेट दुसऱ्या विहिरीत ठेवायचे, टाक्यात नाही.

७ जून

नाल्यावरचं खासगी टाकं. थाई मागूर पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो कोंबड्यांच्या दुकानातलं टाकाऊ मांस खाऊन कुठेही वाढतो म्हणून लोक लपूनछपून पाळतात. टाक्याच्या मालकाकडे आम्ही आधी भांडायला गेलो नाही. संस्थेचे दोन वडीलधारे आणि मी त्यांच्या घरी बसलो, चहा घेतला, काय होऊन राहिलं ते सांगितलं. बंदीचा कागद दाखवला. त्यांनाही वासावरून शेजाऱ्यांचा जाच होताच. ते टाकं बंद करायला तयार झाले.

पण बंद करायचं म्हणजे काय, हे महत्त्वाचं. त्यांचा विचार पाणी नाल्यात सोडून द्यायचा होता. त्याने आमचं सगळं काम एका दुपारी बुडालं असतं. आम्ही स्वतःचा पंप नेला, नळाच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधली आणि पाणी शेतात सोडलं. तळाचा मासा हाताने वेचला आणि खड्ड्यात चुना टाकून पुरला. गाळ ऊन खात पसरून ठेवला. कोणी टाकं बंद करतो म्हणाला तर त्या दिवशी तिथे हजर राहा.

११ जून

नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवली. पुढे तिरप्या गजांची चौकट, मागे दोन मिलिमीटरची जाळी. तिलापियाची पिल्लं आईच्या तोंडातून सुटतात तेव्हा सेंटीमीटरभर असतात, म्हणून इतकी बारीक. फॅब्रिकेशन आणि काँक्रीटचे खांब मिळून १८,६००.

१८ जून

पहिल्या चांगल्या पावसात जाळी तुंबली. पिशव्या, थर्माकोल, बेशरमची पानं, जलपर्णी, सगळं जाळीवर चिकटलं. पाणी वर चढलं आणि बाजूने माती कापून निघून गेलं. जाळी जागेवर होती आणि नाला तिच्या शेजारून वाहत होता. काठ तीन फूट कापला गेला, तो दगड-मातीने भरायला पुढचा आठवडा गेला.

गावनाल्याच्या पुराला दोन मिलिमीटरची जाळी टिकत नाही. शहरातून येणाऱ्या नाल्याला तर नाहीच. कितीही जाड लोखंड लावा, कचरा अडकला की जाळीची भिंत होते आणि पाणी आपली वाट काढतं. हे मी मुद्दाम ठासून लिहिते, कारण तलाव वाचवायचा म्हटलं की सगळ्यांना आधी जाळी सुचते.

आता बारीक जाळी काढून टाकली. गजांची चौकट ठेवली, तिच्यामागे खाचांत सरकणाऱ्या दोन चौकटी केल्या, दहा मिलिमीटर जाळीच्या. एक वर ओढून झाडायची तोवर दुसरी खाली. मोठा मागूर आणि वाढलेला तिलापिया यात अडतो, पिल्लू जातं. पिल्लू थांबवायचं तर त्याची डबकी वरच संपवायला हवीत. ते काम मे महिन्यातच होऊन गेलं होतं, म्हणून बरं.

९ जुलै

कालपासून धुवांधार पाऊस, नागपुरात शाळांना सुट्टी. रात्री आळीपाळीने चौकटी झाडत होतो, पहाटे पाणी खांबांच्या वरून गेलं आणि एक चौकट वाहून गेली. तलाव भरला, सांडवा सुरू झाला.

उजाडल्यावर सांडव्याकडे गेले. आमच्या सांडव्याच्या पायथ्याला सिमेंटचा लांब तिरका उतार आहे, त्यावर शेवाळ. पाण्याच्या पातळ थरातून मागूर छातीच्या परांवर रेटा देत वर सरकत होते. देशी की थाई, दुरून कळत नव्हतं, पण त्यातले एक-दोन मासे हाताएवढे होते, ते थाईच. आणि त्यांच्याच सोबत शिंगी, लहान मरळ, खवल्याचा मासा, सगळा चढणीचा मासा वर येत होता.

इथे कामाची खरी अडचण आहे. उतार बंद केला तर परका मासा थांबेल, पण देशी मासाही थांबेल, आणि त्याला अंडी घालायला वरचं उथळ पाणी हवंच असतं. मरळ-शिंगी वाढवायचे म्हणून चाललेल्या कामात त्यांचीच वाट तोडायची, हे मला मान्य होईना. आजचा दिवस काकाजींनी आणि पोरांनी फेक जाळ्याने उतारावर मासा अडवून धरला. रात्री सगळे बसलो.

१० जुलै

आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी कटकला रोहू-मृगळासारख्या प्रमुख कार्प माशांना पिट्यूटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन अंडी काढून दाखवली. त्याआधी बीज म्हणजे नदीत जाळं लावून वेचलेलं, त्यात काय काय आलंय हे सोडल्यावरच कळायचं. आता बीज हॅचरीत तयार होतं, तरी पिशवीत दुसरं काही नाही याची खात्री आपल्यालाच करावी लागते.

२२ जुलै

सांडव्यावर उपाय झाला. उताराच्या खालच्या टोकाला पत्र्याची उभी कड लावली, कमरेइतकी उंच, वरचं टोक बाहेर वाकवलेलं. मागूर तिरक्या ओल्या उतारावर चढतो, पण बाहेर झुकलेल्या उभ्या कडेवर त्याला पकड मिळत नाही. पत्रा, अँगल आणि बोल्ट ९,८००. पाण्यात काँक्रीट करता येत नसल्याने आत्ता बोल्टवरच ठेवलं आहे, उन्हाळ्यात पक्कं करू.

कडेच्या एका बाजूला हातभर रुंदीची फट ठेवली आणि तिथे बांबूचा सापळा बसवला. आमच्या वस्तीतल्या दोन घरांत तो अजून विणतात. चढणीचा मासा पाण्याच्या धारेकडे ओढला जातो आणि सापळ्यात येतो. सकाळ-संध्याकाळ सापळा उचलायचा, पांढऱ्या परातीत ओतायचा, निवडायचा. मरळ, शिंगी, देशी मागूर, वाम, खवल्याची मासोळी बादलीतून वर तलावात. तिलापिया, थाई मागूर बाहेर.

पाळ्या बायांच्या गटाने घेतल्या. सकाळची पाळी अर्ध्या तासाची असते, पाऊस असेल तेव्हा जास्त. मी मनापासून सांगते, या सगळ्या प्रकल्पात पैसा सर्वात कमी आणि उपयोग सर्वात जास्त असं हेच काम झालं. लोखंड मासा ओळखत नाही. रोज कोणीतरी जाणतं माणूस तिथे यायला हवं आणि त्याची पाळी बुडता कामा नये. खायच्या दिवशी परका मासा पाळीवालीने न्यायचा, असं ठरवलं आहे. त्याने पाळी चुकत नाही.

२ ऑगस्ट

बीज आलं. दरवर्षी आम्ही मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, घ्यायचो, फार स्वस्त पडतात. पण जिरे सात-आठ मिलिमीटरचे असतात, त्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. यंदा पन्नास मिलिमीटरच्या वरची बोटुकलीच घेतली, नगाला दीड रुपया. २०,००० बोटुकलीचे ३०,०००. सभासदांनी कुरकुर केली, मी ठराव पुढे ठेवला.

प्रत्येक पिशवीतून वाटीभर काढून परातीत बघितलं. रोहू, कटला, मृगळ यांचं पिल्लू चांदीसारखं चमकतं आणि पाठीवरचा पर मधोमध, आखूड असतो. तिलापियाच्या पिल्लाचा पाठीवरचा पर डोक्याच्या मागून शेपटीपर्यंत लांब आणि काटेरी असतो, त्याच्या मागच्या भागात काळा ठिपका दिसतो, अंगावर उभे पट्टे असतात. दोन पिशव्यांत तिलापिया निघाला. पुरवठादार म्हणाला, "दोन-चार असतातच मॅडम, सगळे घेतात." आम्ही त्या पिशव्या परत केल्या. तो चिडला, पैसे कापून द्यायला तयार नव्हता, शेवटी बदली बीज चार दिवसांनी आलं.

पिशवीतलं पाणी तलावात ओतायचं नाही. बोटुकली जाळीत गाळून आधी हाप्यात सोडायची आणि पाणी पाळीच्या पलीकडे कोरड्या जमिनीवर टाकायचं.

१६ ऑगस्ट

आरोग्याचे कर्मचारी डासांसाठी गप्पी मासे घेऊन आले होते. बोलणं नीट झालं. बंद टाक्या, कारंज्यांचे हौद, बांधकामावरची डबकी, तिथे गप्पी सोडायला आमची हरकत नाही. तलावात सोडू नका म्हटलं. गप्पी दक्षिण अमेरिकेचा, अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि थोड्याच महिन्यांत काठ भरून टाकतो. तलावाच्या काठाला आमच्याकडे पिकू मासा आहे, पाण्याच्या वरच्या थरात राहून तोही डासांच्या अळ्या खातो. त्यांनी काठावर तो बघितला आणि तलाव यादीतून वगळला.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. गणपतीच्या आधी घाटावरचं काम पूर्ण करायचं होतं.

काचेच्या पेटीतले मासे लोक वाईट हेतूने सोडत नाहीत. मासा मोठा होतो, पेटीत मावत नाही, मारायला जीव धजत नाही, म्हणून तलावात सोडतात आणि वाटतं, पुण्य केलं. काच साफ करायला म्हणून दोन इंचांचा सकर चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो, पुढे तो फूट-दीड फूट होतो. तलावात तो पाळीच्या मातीत हातभर खोल बिळं करतो. मातीच्या पाळीला हे परवडणारं नाही. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ साली ॲलिगेटर गार सापडला, तोही असाच कुणाच्या तरी पेटीतून आलेला असणार.

"मासे सोडू नका" अशी पाटी पूर्वी लावलेली होती, तिचा काही उपयोग दिसला नव्हता. आता घाटावर दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवला आहे, हवेचा छोटा पंप लावून, शेजारच्या चहावाल्या भाऊंच्या विजेवर. पाटी नवी: "पेटीतले मासे इथे द्या, आम्ही सांभाळणाऱ्याला देऊ." खर्च ३,१००. सीताबर्डीतल्या एका मासे-पेटीच्या दुकानदाराने चांगला मासा परत घ्यायचं कबूल केलं.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. विसर्जन कृत्रिम हौदात होतं, पण गर्दी घाटावरही असते. बायांच्या गटाने दिवसभर पाळी दिली. ड्रममध्ये गोल्डफिश, दोन सकर, एक लाल पोटाचा रूपचंद जमा झाले. एक लहान मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली होती, सकर द्यायला तयार होईना. आमच्या एका मावशीने तिला देशी मरळाची पिल्लं दाखवली, लालसर रंगाचा पुंजका आईच्या डोक्यावर फिरत होता. तो तुझा मासा इथे सोडला तर यांना जागा राहणार नाही, एवढंच सांगितलं. मुलीने मासा ड्रममध्ये ठेवला.

२ ऑक्टोबर

सांडवा थांबला, सापळा उचलून वाळवून ठेवला. पत्र्याच्या कडेचे दोन बोल्ट गंजले आहेत, पुढच्या वेळी स्टेनलेसचेच घ्यायचे.

१६ नोव्हेंबर

पहिली चाचणी ओढ. चारही कोपऱ्यांत जाळं टाकलं. रोहू-कटला चांगला वाढलाय. मरळाची या पावसाळ्यातली पिल्लं बोटभर झाली आहेत, शिंगी गाळात भरपूर. थाई मागूर एकही आला नाही. झिंगे मागच्या वर्षीपेक्षा स्पष्ट जास्त.

उत्तरेच्या कोपऱ्यात तिलापिया मिळाला, लहान, मूठभर. मोठा मिळाला नाही, म्हणजे पिल्लू म्हणूनच आत आलं. तिथे नाला नाही आणि सांडवाही नाही. शेजारच्या मळ्यातून विहिरीच्या पंपाचं पाणी पाटाने तलावात येतं, ते आम्ही वाटांच्या यादीत धरलेलंच नव्हतं. मळेवाल्या दादांकडे जाऊन विहीर बघितली. त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी हौसेने तिलापिया सोडला होता. पाटाच्या तोंडाला आज बारीक जाळीची पिशवी बांधली. इथे पाणी थोडं आणि स्वच्छ आहे, म्हणून इथे ती टिकेल. विहीर उपसायला दादा फेब्रुवारीत, गहू निघाल्यावर, तयार आहेत. उत्तरेच्या कोपऱ्यात तोवर दर आठवड्याला जाळं ओढायचं, पाळी उद्यापासून.